फ्रीजचा आईस मेकर 8 महिने वापरून: बर्फ पोकळ का येत होता

काल सर्व्हिसवाला तिसऱ्यांदा येऊन गेला आणि इनलेट व्हॉल्व्ह (फ्रीजमध्ये पाणी सोडणारी झडप) बदलायला 2,800 रुपये लागतील असं सांगून गेला. वॉरंटीत का नाही विचारलं तर म्हणे पाण्याच्या लाइनचा प्रॉब्लेम वॉरंटीत बसत नाही. अरे मग लाइनचा प्रॉब्लेम आहे तर व्हॉल्व्ह कशाला बदलायचा? त्यावर "अक्का, प्रेशर इल्ल री" (ताई, प्रेशर नाही हो) एवढंच. फ्रीज दोन दारांचा, नळीनं पाणी घेऊन आपोआप बर्फ करणारा, मार्चमध्ये घेतला, थंडावा, आवाज, वीजबिल कशाबद्दलच तक्रार नाही, तक्रार एकच ती म्हणजे बर्फ. वरून आकार बरोबर आणि आत पोकळ, नुसतं टरफल, कोकम सरबतात टाकलं की ग्लास तोंडाला लावेपर्यंत गायब. ज्यासाठी साध्या मॉडेलपेक्षा जास्त पैसे मोजले तेच धड नाही. शिवाय फुकट इन्स्टॉलेशनमध्ये पाण्याची लाइन येत नाही हे डिलिव्हरीच्या दिवशी कळलं, पाव इंची नळी, कनेक्टर, प्लंबर सगळं आपल्या खिशातून. कोणी घेऊ नका.

वरचं सगळं जूनमध्ये लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. आता नोव्हेंबर आहे आणि माझं मत बदललंय. फ्रीज खराब नव्हता, व्हॉल्व्हही खराब नव्हता.

माझा धाकटा दीर खानापूरला मोटारींचं काम करतो, तो गणपतीला आला तेव्हा प्रेशर गेज घेऊन आला आणि फ्रीजमागची नळी काढून तिथं लावला. काटा 6 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) आसपास. मॅन्युअलमध्ये कमीत कमी 20 लिहिलंय, ते पान मार्चपासून घरातच होतं. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार म्हणजे 14 पीएसआय होतो, आमची टाकी गच्चीवर, तिथून फ्रीजपर्यंत जेमतेम 4 मीटर. 20 पाहिजे असतील तर टाकी 14 मीटर वर हवी, म्हणजे चारेक मजले. आमच्यासारख्या एकमजली घरात ते होणारच नाही.

आता पोकळ का, तर आमच्या मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह ठराविक सेकंदच उघडतो, साचा भरला की नाही ते बघत नाही. दाब कमी म्हणून पाणी कमी पडतं, ते कडेनं आधी गोठतं, मधलं गोठायच्या आत साचा गरम होऊन तुकडे बाहेर. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. हा व्हॉल्व्ह नीट बंद व्हायलाही पाण्याचा दाबच लागतो, दाब नसला की थेंब थेंब गळत राहतो आणि तो थेंब आत जाणाऱ्या नळीच्या तोंडाशीच गोठतो. जूनमध्ये आमची नळी अशीच चोंदली होती आणि यावर उपाय म्हणून नवा व्हॉल्व्ह! तोही दोन महिन्यांत तसाच गळला असता.

आपल्या बेळगावला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, काही वॉर्डांत चोवीस तास आहे, त्यांनी थेट लाइनवर दाब मोजून बघावा, कदाचित काहीच करावं लागणार नाही. आमच्या गल्लीत पाणी ठरलेल्या दिवशीच, मग ते संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) भरायचं, मोटारीनं वर चढवायचं. प्लंबरनं आधी आरओला जोडून दिलं होतं, त्यानं तर आणखी वाईट झालं, कारण भिंतीवरच्या आरओच्या टाकीत दाब नसतोच, पाणी नुसतं उतारानं येतं.

शेवटी आरओमध्ये असतो तसा 24 व्होल्टचा बूस्टर पंप, अडॅप्टर आणि हाय प्रेशर स्विच, सगळं मिळून 2,300 रुपये. स्विचवर पैसे वाचवू नका, त्याच्याशिवाय पंप बंद नळीवर ढकलत राहतो आणि जोड सुटतो. नळी ब्लेडनं सरळ काटकोनात कापायची, आमच्या प्लंबरनं तिरकी कापली होती म्हणून पाणी गळून ओट्याखालची प्लायवूडची पट्टी फुगली, ती अजून तशीच आहे. पहिल्या दोन दिवसांचा बर्फ झाडांना टाकला. तिसऱ्या दिवशी भरीव, जड क्यूब डब्यात पडल्याचा आवाज आला आणि सासूबाईंनी लगेच एक तोंडात टाकला.

बर्फ वितळल्यावर ग्लासात पांढरं काहीतरी राहतं का, असं बहीण विचारत होती. हो, उन्हाळ्यात टाकीत बोअरचं पाणी मिसळलं की राहतं, तो क्षार आहे. फ्रीजचा कार्बन फिल्टर क्लोरीनचा वास काढतो, क्षार काढत नाही. त्या दिवसांत मी आईस मेकर बंद ठेवून ट्रेमध्ये आरओचं पाणी गोठवते.

फिल्टर सहा महिन्यांनी बदलायचा असतो, त्याची किंमत मला अजून पटत नाही, पण बदललाय. दुकानात मात्र घेताना कोणी टाकीची उंची विचारली नाही याचा राग आहे तो आहेच, दोन मिनिटांचं काम होतं. आमच्याच गल्लीत मागच्या बाजूला हाच फ्रीज आहे, त्यांनी व्हॉल्व्हचे पैसे भरलेत आणि बर्फ अजून पोकळच. दिरांचं गेज माझ्याकडेच आहे, रविवारी घेऊन जाते त्यांच्याकडे.