ऑटो फोर व्हील ड्राइव्ह: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर माझं भांडण टायरशी आहे

सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर ‘ट्रान्सफर केस बदलणे’ (म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबाच बदलणे) असं लिहिलेलं वाचलं आणि त्याच क्षणी ठरवलं, हे सगळं लिहून काढायचं. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. लॅडर फ्रेम, सीटच्या तीन रांगा, मूळची मागच्या चाकांवर चालणारी आणि नॉबवर टू-एच (फक्त मागची चाकं), ऑटो (गरज पडली की पुढचीही), फोर-एच (चारही कायम), फोर-लो (चारही, हळू पण जास्त ताकदीने) अशा चार खुणा असलेली कुठलीही अजस्र एसयूव्ही डोळ्यांसमोर आणा. इंजिन, सीट, स्क्रीन यांचं कौतुक इतरांनी भरपूर केलंय. मला बोलायचंय ते फक्त ‘ऑटो’ या एका खुणेबद्दल.

आधीची गाडी जुन्या पद्धतीची होती, दांडा ओढून फोर बाय फोर लावायची. तिच्यात पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे जोर नेणारे फिरते दांडे) एकमेकांना पक्के जखडले जायचे. चिखलात उत्तम, कोरड्या डांबरावर वैताग. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात आणि जखडलेल्या शाफ्टना तो फरक जिरवायला जागाच नसते. मग स्टिअरिंग जड होतं, टायर कचकचत उड्या मारतात, सगळा ताण गिअर आणि जॉइंटवर येतो. म्हणून अर्धा रस्ता ओला आणि अर्धा कोरडा असला की सारखं लाव-काढ, लाव-काढ.

लँड क्रूझरसारख्या गाड्यांनी यावर कायमचा फोर बाय फोर आणि मधोमध टॉर्सन जातीचं डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असा उपाय केला. ऑटोवाल्यांचा रस्ता वेगळा. त्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये डिफरन्शियलच्या जागी तेलात बुडालेल्या प्लेट्सचा क्लच असतो. एरवी जोर मागच्या चाकांना जातो. चारही चाकांवरचे एबीएसचे सेन्सर वेग सांगत राहतात आणि मागची चाकं पुढच्यांपेक्षा जोरात फिरायला लागली की छोटी इलेक्ट्रिक मोटर किंवा विद्युतचुंबक त्या प्लेट्स दाबतो. जितका दाब, तितका जोर पुढे. घसरणं थांबलं की दाब उतरतो. नव्या गाड्या तर घसरायची वाटही बघत नाहीत. अॅक्सिलरेटर किती दाबला, स्टिअरिंग किती वळलंय हे पाहून आधीच थोडा दाब देऊन ठेवतात.

सुरुवातीला मला हा प्रकार नॉब फिरवायचा कंटाळा असणाऱ्यांसाठीचा वाटायचा. पुढचा शाफ्ट उगाच फिरत राहणार, इंधन जास्त जाणार, म्हणून मी कंजूसपणे टू-एचमध्येच चालवत होतो. मग एकदा ओल्या चढावर थांबून निघायची वेळ आली. डावी चाकं खडीवर, उजवी गुळगुळीत सिमेंटवर, गाडी भरलेली. टू-एचमध्ये मागचं चाक फिरकी घेत राहिलं आणि ट्रॅक्शन कंट्रोलने (घसरणारं चाक आवरणाऱ्या यंत्रणेने) ब्रेक मारून मारून इंजिनचा दम काढला. नॉब ऑटोवर नेला, पुन्हा निघालो, तर गाडी अशी चढली की चढ आहे हे विसरावं. त्यानंतर पावसात ऑटोच. इंधनातला फरक असेल, पण माझ्या हिशोबात तो कधी वेगळा उठून दिसला नाही.

इथपर्यंत हा अनुभव पाच तारे देण्याच्या बेतात होता.

मग पुढच्या डाव्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दगडाने फाटली. साइडवॉलचं पंक्चर निघत नाही, म्हणून त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा नवा टायर घातला. थोड्याच दिवसांत ऑटोमध्ये पार्किंगमधून वळताना खालून थरथर यायला लागली. मग हायवेवर दिवा पेटला, ‘फोर व्हील ड्राइव्ह सर्व्हिस करा’, आणि ऑटो बंद. गाडी थंड झाली की दिवा गायब, ऑटो परत हजर. तासाभराने पुन्हा तेच.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, क्लच तापल्याचा कोड निघाला आणि ट्रान्सफर केसच बदला असं सांगितलं. टायरकडे कोणी वाकूनही पाहिलं नाही. मी घरी येऊन कागद-पेन घेतलं.

नव्या टायरची नक्षी ११ मिलिमीटर खोल, बाकी तिघांची ४. म्हणजे नव्याचा व्यास १४ मिलिमीटरने जास्त आणि परीघ साधारण ४४ मिलिमीटरने. झिजलेल्या टायरचा परीघ अडीच मीटर धरा. तो एका किलोमीटरला ४०० फेरे घेतो आणि नवा घेतो ३९३. सात फेऱ्यांचा फरक. पुढचं डिफरन्शियल दोन्ही चाकांची सरासरी काढतं, म्हणून साडेतीन उरले. पण शाफ्ट चाकापेक्षा साडेतीनपट वेगाने फिरतो, तेव्हा शाफ्टवर तो फरक झाला किलोमीटरला बारा फेऱ्यांचा. ताशी १०० च्या वेगाने सरळ, कोरड्या रस्त्यावर जाताना पुढचा शाफ्ट दर मिनिटाला वीस फेऱ्यांनी मागे पडतोय. बिचाऱ्या कॉम्प्युटरला वाटतं, मागची चाकं घसरतायत! तो प्लेट्स दाबतो. फरक जात नाही, कारण घसरतंय असं काही नाहीच. मग आणखी दाबतो. प्लेट्स एकमेकींवर घासत राहतात, तेल तापतं, शेवटी तोच कॉम्प्युटर घाबरून सगळं बंद करतो. दाब दिलेल्या क्लचनिशी कचकन वळलं की थरथर येणारच, ती माझ्या जुन्या गाडीचीच व्याधी आहे.

हे सगळं सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराला सांगितल्यावर तो म्हणाला, “साहेब, मग पुढचे दोन्ही नवे टाका, जोडी सारखी होईल.” साध्या टू व्हील ड्राइव्ह गाडीत एका एक्सलवर सारखी जोडी हवी हे खरंच आहे. इथे मात्र त्या सल्ल्याने सरासरीचा आधारही गेला असता आणि बाराचे चोवीस झाले असते. दोन टायरचे पैसे घालून दुखणं दुप्पट!

उरले दोन मार्ग. एक, चारही नवे घेणे, आणि पाव आयुष्य शिल्लक असलेले तीन टायर फेकणे माझ्या स्वभावात बसत नाही. दुसरा, नव्या टायरची नक्षी यंत्रावर तासून बाकीच्यांइतकी करून घेणे. काही देशांत ही सोय मिळते. विकत घेतलेलं रबर पैसे देऊन खरवडून टाकायचं, ही कल्पना ऐकूनच पोटात गोळा आला. शेवटी त्याच मॉडेलचा, तेवढाच झिजलेला एक वापरलेला टायर शोधून काढला आणि नवा टायर ठेवून दिला. हा वापरलेला मिळेपर्यंत गाडी टू-एचमध्ये चालवली, कारण टू-एचमध्ये क्लच पूर्ण मोकळा असतो आणि टायरचा फरक त्याला बाधत नाही. कायमच्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांना ही पळवाट नसते, हा ऑटो नॉबचा एक न मिरवलेला फायदा. टायर बसल्यापासून दिवा नाही, थरथर नाही. ट्रान्सफर केस जुनीच आहे. फक्त तिचं तेल बदललं, कारण जळकट वास येत होता. त्यातही एक खोच आहे: या क्लचला खास तेल लागतं, साधं गिअर ऑइल ओतलं तर प्लेट्स नीट धरत नाहीत. डबा स्वतः बघून घ्या.

राग मला कॉम्प्युटरचा आहे. चारही चाकांचा वेग त्याच्या खिशात असतो. एकच चाक, प्रत्येक सरळ रस्त्यावर, प्रत्येक वेगाला, ठरावीक प्रमाणातच हळू फिरतंय, हे ओळखायला काय लागतं? कित्येक गाड्यांत हवा कमी झालेला टायर याच युक्तीने पकडतात: हवा गेली की टायरची त्रिज्या घटते, चाक जोरात फिरतं, सेन्सरला कळतं. मग ‘टायर तपासा’ एवढे दोन शब्द पडद्यावर आणायला काय हरकत होती? त्याऐवजी जो निरोप येतो तो वाचून वर्कशॉपवाला थेट सगळ्यात महागड्या डब्याकडे बोट दाखवतो. मॅन्युअलमध्ये ‘चारही टायर सारखे ठेवा’ अशी एक ओळ आहे, पण किती मिलिमीटरचा फरक चालेल याचा आकडा कुठेही नाही. तीन तारे कापले ते यासाठी.

ऑटोकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नका. तो फक्त पुढे-मागे जोर वाटतो, डावी-उजवी त्याच्या हातात नाही. एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक हवेत गेलं की तुम्हाला ब्रेकवाला ट्रॅक्शन कंट्रोल किंवा मागचं डिफ लॉकच (मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारी सोय) वाचवणार. थांबण्याच्या अंतरात तर काडीचा फरक नाही. चारही चाकांना ब्रेक प्रत्येक गाडीतच असतात. खोल चिखल, सैल वाळू असेल तर सरळ फोर-एच लावा, म्हणजे क्लच सारखा घासून तापणार नाही.

आता स्टेपनीसकट पाचही टायर फिरवत राहायचे असं ठरवलंय, म्हणजे पुढच्या वेळी एखादा फाटला तर त्याच्याइतकाच झिजलेला भाऊ गाडीतच असेल. मात्र स्टेपनी त्याच मापाची असेल तरच हे जमतं. छोटी, तात्पुरती स्टेपनी मिळाली असेल तर ती लावून ऑटोला हातही लावू नका.

आणि अशी गाडी जुनी घेत असाल तर बॉनेट उघडायच्या आधी नक्षी मोजायची पट्टी घेऊन चारही टायर मोजा. मग मोकळ्या, कोरड्या जागेत नॉब ऑटोवर ठेवून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हळूहळू दोन्हीकडे गोल फिरवा. थरथर आली आणि टायर सारखे निघाले, तर खर्च तुमची वाट बघतोय. टायर वेगवेगळे निघाले, तर विक्रेत्याशी भाव करायला उत्तम कारण मिळालं. फक्त त्या टायरनिशी गाडी किती चालली हे त्याला आधी विचारा.