एकदाच सांगायचं : सखी वन स्टॉप सेंटरचा आमचा अनुभव

ऐरोलीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, चौदा वर्षं झाली. पोळ्या लाटायला चार बायका येतात. त्यांच्यातल्या एकीला घेऊन गेल्या पावसाळ्यात मी सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांना उपचारापासून वकिलापर्यंत सगळी मदत एका जागी देणाऱ्या सरकारी केंद्रात, गेले होते. हॉटेलबद्दल, दवाखान्याबद्दल, क्लासबद्दल लोक भरभरून लिहितात. या सेवेबद्दल तिथे प्रत्यक्ष जाऊन आलेल्या बाईने मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नाही, आणि त्या सकाळी मला नेमकं तेच हवं होतं. म्हणून लिहितेय. तिला विचारलंय, तिला वाचूनही दाखवलंय. तिची ओळख पटेल असं यात काही नाही. ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ते केलं नसतं. केंद्र कुठलं, पत्ता काय, हेही लिहीत नाही. तिथे काही जणी लपून राहिलेल्या असतात. पत्ता हवा असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, ते देतात.

तो रविवार होता. सकाळी सहाला कणीक भिजवायला ही नेहमी सगळ्यांच्या आधी हजर. त्या दिवशी आली, हात धुतले आणि परातीसमोर नुसती बसून राहिली. म्हटलं, "बरं नाही का गं?" तर म्हणाली, "काकू, आज माझ्याच्याने पोळ्या व्हायच्या नाहीत." मी गॅस बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं. मग तिने सांगितलं. काय झालं ते इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, घटना आदल्या रात्रीची, माणूस ओळखीतला, आणि जागा बेलापूरच्या पुढची, म्हणजे रायगड जिल्ह्यातली. जिल्ह्याची ही गोष्ट पुढे फार नडली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

१८१ हा नंबर मला बचत गटात वाटलेल्या पत्रकामुळे माहीत होता. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत. फोन उचलणाऱ्या मुलीने तीनच प्रश्न विचारले : ती आत्ता सुरक्षित जागी आहे का, रक्तस्राव होतोय का, तिला स्वतः बोलायचंय की तुम्हीच बोलताय. नाव-गाव, कोण-कसा यातलं काही नाही. वीस मिनिटांत सखी केंद्रातल्या केस वर्कर मॅडमचा मला फोन आला.

फोनवर त्या ज्या पद्धतीने बोलल्या, ते प्रत्येकीला माहीत असायला हवं. हिने पहाटे आंघोळ केली होती. मला वाटलं, संपलं सगळं. मॅडम म्हणाल्या, "केली असली तरी या. तपासणी होते, औषधं तर लागणारच आहेत. फक्त उशीर नका करू." मग कपड्यांचं विचारलं. कपडे हिच्या घरी बादलीत पडले होते, पाणी अजून घातलं नव्हतं. "थेंबभर पाणी घालू नका. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, दमटपणाने खराब होतात. कागदी पिशव्या आहेत का? एकेक कपडा वेगळ्या पिशवीत." कागदी पिशव्यांचा तर आमच्याकडे गठ्ठाच असतो, पोळ्या त्यातच देतो. कुर्ता पावसाने ओला होता. तो मागच्या खोलीत कोऱ्या कागदावर पंख्याखाली पसरून ठेवला, उन्हात किंवा इस्त्रीने वाळवायचा नाही असं बजावलं होतं. ओढणी एका पिशवीत, सलवार दुसऱ्या. वर पिना मारल्या. ज्या पिशव्यांत रोज गरम पोळ्या भरते त्याच पिशव्या धरताना माझे हात थरथरत होते. ती मात्र शांतपणे एकेक पिशवी पुढे करत होती.

रविवारी ट्रान्स हार्बरवर मेगाब्लॉक, म्हणून रिक्षा केली. केंद्राशी पोचलो आणि पहिली अडचण तिथेच. पाटी इतकी लहान आणि इतकी आत की दोनदा पुढे जाऊन परत आलो. शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला विचारावं लागलं, त्यालाही माहीत नव्हतं. अशा अवस्थेतल्या मुलीला रस्त्यात उभं करून चौकशी करायची म्हणजे काय, हे पाटी लावणाऱ्याने एकदा स्वतः उभं राहून बघावं. शेवटी मॅडमच छत्री घेऊन खाली आल्या.

आत दोन पलंग, एक टेबल, एक कपाट. दाराला आतून कडी आहे, आणि मॅडमनी ती आधी तिला लावून दाखवली. पाणी दिलं, मग म्हणाल्या, "पोलिसात जायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी उपचार मिळतील, समुपदेशक मिळेल, इथे राहता येईल. आत्ता लगेच ठरवायचीही घाई नाही." मी बाहेर बसू का, हेही त्यांनी मला नाही, तिला विचारलं. ती म्हणाली, "काकू इथेच बसू देत."

आणि मग तो कागद. ही बोलेल तसं मॅडम लिहीत होत्या, दर दोन वाक्यांनी वाचून दाखवत होत्या. एका ठिकाणी ही म्हणाली, "मी नको म्हटलं, त्याने ऐकलंच नाही." मॅडमनी तेच शब्द लिहिले. वर्तमानपत्रातला एखादा जड शब्द घालून वाक्य 'नीट' केलं नाही. मध्येच ती थांबली, सात-आठ मिनिटं काहीच बोलली नाही, तेव्हा पेन खाली ठेवून मॅडमही गप्प बसल्या. या खोलीत पाऊण तास गेला. मला विचाराल तर या सगळ्या योजनेचा खरा उपयोग त्या पाऊण तासात झाला, कारण पुढे दिवसभर तो कागद बोलला.

कायद्याने तिला डॉक्टरांना सांगावं लागतं, पोलिसांना आणि नंतर मॅजिस्ट्रेटसमोर सांगावं लागतं. त्यातून सुटका नाही. पण त्याशिवाय किती जण विचारतात! सरकारी रुग्णालयात (नाव लिहीत नाही) केसपेपरच्या खिडकीवर एकाने विचारलं, "काय झालंय?" मागे रांग. ड्रेसिंगच्या खोलीपाशी दुसऱ्याने विचारलं. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनीही विचारलं. प्रत्येक वेळी मॅडम मध्ये उभ्या राहिल्या, "डॉक्टरांना सांगू," एवढंच म्हणाल्या आणि कागदाची घडी पुढे धरली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आधी पोलीस स्टेशनचं पत्र आणा." मॅडमनी आवाज न चढवता सांगितलं, की नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ आहे, सरकारी असो की खासगी, रुग्णालयाने ताबडतोब आणि फुकट उपचार करायचे, पोलिसांना कळवायचं काम रुग्णालयाचं. नाकारलं तर शिक्षा आहे. केसपेपर निघाला. मी एकटी असते तर मुकाट्याने पोलीस स्टेशनला चालू लागले असते.

बाई डॉक्टर यायला अडीच तास लागले. बाकड्यावर, पंख्याविना. हा त्या रुग्णालयाचा दोष, केंद्राचा नाही, पण तिच्या दृष्टीने सगळं एकच. डॉक्टर आल्यावर मात्र तक्रारीला जागा नव्हती. काय करणार, का करणार, हे आधी सांगायच्या, संमती घ्यायच्या, नको असेल ते नको म्हण म्हणायच्या. बाईला संबंधांची सवय आहे का हे बघायची ती दोन बोटांची घाणेरडी चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठणकावून बंद केली आहे, तसं कोणी करायला गेलं तर स्पष्ट नाही म्हणा. गर्भ राहू नये म्हणून गोळी दिली आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या. या दुसऱ्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. म्हणून सांगते, पोलिसात जायचं की नाही याचा खल घरात आठवडाभर चालू दे, दवाखान्यात त्याच दिवशी जा.

अंगावरचे काही कपडेही तपासणीसाठी ठेवून घेतले. परत जायचं कशात? रुग्णालयाकडे काही नव्हतं. मॅडमनी येतानाच केंद्रातल्या कपाटातून एक जोड घेतला होता. त्या कपाटात कुर्ते मापाप्रमाणे लावलेले आहेत, आतले कपडे कोरे, पाकीट न फोडलेले, खाली स्लिपरांचे जोड. ज्या कोणी हे कपाट लावलं तिला मी मनापासून नमस्कार करते. खर्च किती असेल त्याचा, काही हजार. पण निळ्या कुर्त्यात बाहेर आलेली ती मला अजून दिसते.

संध्याकाळी तिने स्वतः ठरवलं, तक्रार द्यायची. महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यात केंद्रावरच आल्या. घटना दुसऱ्या हद्दीतली म्हणून कोणी परत पाठवलं नाही. शून्य क्रमांकाने एफआयआर घेतला, प्रत फुकट दिली. पुढे तो रायगडच्या हद्दीतल्या ठाण्याकडे वर्ग झाला.

इथून पुढचं मात्र रखडलं. नवी मुंबई म्हणजे एक शहर असं आपण धरून चालतो. पोलीस आयुक्तालय एकच आहे, पण ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्हा आणि खारघर-पनवेल रायगड. अत्याचार झालेल्या बायकांना पैशांची मदत देणारी मनोधैर्य योजना, जी राज्य सरकारने २०१३ मध्ये आणली आणि जिच्यात आता जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मंजूर होते. म्हणजे हिची फाइल अलिबागला. पोळ्या लाटून पोट भरणाऱ्या मुलीने ऐरोलीहून अलिबागला खेपा घालायच्या का? पहिली खेप आम्ही घातली, पूर्ण दिवस गेला, एक झेरॉक्स कमी पडली. दुसऱ्या खेपेआधी मॅडमनी फोन आणि ईमेल करून कागद पाठवले. मंजुरीची वाट अजून बघतोय. मिळाले तरी त्यातला मोठा भाग मुदत ठेवीत राहतो, हे सगळ्यांना आधीच सांगायला हवं, नाहीतर घरचे लोक दुसऱ्याच दिवशी हिशेब मांडून बसतात.

आता व्यवस्थेबद्दल. ही केंद्रं १ एप्रिल २०१५ पासूनची योजना, निर्भया निधीतून, पैसा केंद्र सरकारचा, जिल्ह्यात समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी. कागदावर सगळं आहे : उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन आणि पाच दिवसांपर्यंत राहणं, एका छताखाली. प्रत्यक्षात ते छत म्हणजे एक केस वर्कर. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी डबा नेला होता, जेवताना मॅडमशी बोलणं झालं. कंत्राटी आहेत. तीन महिन्यांचं मानधन थकलं होतं. रात्री कोणाला रुग्णालयात न्यायचं तर रिक्षाचे पैसे आधी स्वतःच्या पर्समधून द्यायचे, मग बिल लावायचं. माझ्याकडच्या बाईचा पगार पाच तारखेच्या पुढे गेला तर मला झोप लागत नाही. जी मुलगी रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या लेकीसाठी उठते, तिचा पगार तीन-तीन महिने अडतोच कसा? निधी येतो, मग कुठल्या टेबलावर थांबतो, हे शोधायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. महिन्याच्या बैठकीत पहिला विषय मानधनाचा घ्यावा, दुसरा गाडीचा, तिसरा त्या पाटीचा.

पाच दिवसही कमी पडतात. सहाव्या दिवशी ती कुठे जाणार होती? त्याच गल्लीत, त्या माणसाच्या नातेवाइकांसमोर. माझ्या घरी मागची खोली होती म्हणून भागलं. शासकीय निवारागृहाची सोय सुचवली होती, पण तिथून पहाटे सहाला कामावर येणं जमलं नसतं.

पाचपैकी गुण द्यायचे तर माणसांना पाच, व्यवस्थेला तीन. तरी कोणावर ही वेळ आली तर मी त्याच दारात घेऊन जाईन.

२८ दिवस रोज रात्री जेवणानंतर मी तिच्यापुढे गोळी आणि तांब्या ठेवायचे. पहिले दहा दिवस मळमळ फार होती, ताकभातावर भागवलं. समुपदेशनाला ती दर पंधरा दिवसांनी जात राहिली, नंतर नंतर एकटीच.

दिवाळीनंतर एकदा तिच्याबरोबर गेले, तर खुर्चीत दुसरीच मुलगी. आधीच्या मॅडमचं कंत्राट संपलं होतं. माझ्या पोटात गोळा आला, आता पुन्हा पहिल्यापासून. त्या मुलीने नाव विचारलं, कपाटातून फाइल काढली आणि "दहा मिनिटं द्या" म्हणून वाचत बसली. सगळी पानं वाचली. मग फाइल मिटून म्हणाली, "मी वाचलंय. तुम्ही काही सांगू नका. पुढची तारीख कधीची आहे तेवढं बघू या."