महीकाठच्या वाटांसाठी एमटीबी की हायब्रिड?

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या भाच्याला दर रविवारी जवळच्या सिंधरोट गावी जाऊन मही नदीच्या काठाने सायकल चालवायची आहे. मात्र पुढे शॉक (धक्के शोषणारा भाग) असलेली एमटीबी, म्हणजे खडबडीत वाटांची माउंटन बाइक, घ्यावी की रस्ता आणि साधी कच्ची वाट दोन्हींवर चालणारी हायब्रिड, हे त्याचे ठरत नाही.

खरा फरक टायरमध्ये आहे. एमटीबीचा साधारण 2.1 ते 2.4 इंची टायर कमी हवेवर चालतो, त्यामुळे कोतरांतल्या (नदीकाठच्या घळींतल्या) भुसभुशीत उतारावर तो जमीन धरून राहतो. हायब्रिडचा 35 ते 42 मिलिमीटरचा कडक टायर त्याच मातीत रुततो आणि हँडल हातात वळू लागते. पावसाळ्यात काळी माती मात्र दोघींनाही सोडत नाही. ती टायर आणि चाक धरणारा चिमटा यांच्यामध्ये थापली जाते आणि चाक फिरेनासे होते. एमटीबीत तिथे थोडी अधिक जागा असते, इतकेच. बाभळीचे काटे दोन्हींकडे सारखेच, म्हणून टायरमध्ये सीलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) भरून घ्यावे.

डांबरी रस्त्यावर पारडे फिरते. जाड टायर ओढावा लागतो आणि शॉक लॉक होत नसेल, म्हणजे त्याची हालचाल बंद करता येत नसेल, तर पायांचे बळ तो दाबण्यातच खर्च होते.

खर्चाचा विचार केल्यास स्वस्त एमटीबीतला नुसत्या स्प्रिंगचा शॉक वजनच वाढवतो, असे माझे स्पष्ट मत आहे; त्याच पैशात हायब्रिडला बरे ब्रेक आणि गिअर मिळतात.

कोतरांत उतरायचेच असेल, तर लॉक होणाऱ्या शॉकची एमटीबी घ्यावी; काठावरच्या पक्क्या वाटेने जाऊन परतायचे असेल आणि तीच सायकल रोज कॉलेजलाही न्यायची असेल, तर हायब्रिड योग्य.