सिमवालं घड्याळ चौदा महिने वापरल्यावर: महिन्याचे ११७ रुपये वसूल होतात का?

२०२४ च्या दिवाळीत मी अ‍ॅपल वॉच एसई घेतलं, चाळीस मिलिमीटरचं, सेल्युलर, म्हणजे स्वतःचं सिम असलेलं. नुसतं जीपीएसवालं २४,९०० ला होतं आणि सिमवालं २९,९०० ला. दुकानातला मुलगा सरळ म्हणाला, "मॅडम, सिमवालं फारसं कोणी नेत नाही." तरी मी तेच घेतलं. आता चौदा महिने झाले. ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की दर महिन्याला घड्याळासाठी वेगळे पैसे भरण्यात काही अर्थ आहे का. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आधी माझी गरज सांगते, कारण उत्तर तिच्यावरच अवलंबून आहे. मी रोज पहाटे पावणेसहाला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जाते. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने वर, देवळापर्यंत, मग खाणीला वळसा घालून परत. तासभर जातो. घरी आई असते, वय ७४, इन्सुलिनवर. नवरा चाकणला कारखान्यात आहे, पहिली पाळी असली की साडेपाचला कंपनीची बस. मुलगा नववीत, त्या वेळी गाढ झोपेत. म्हणजे तो एक तास आई एकटीच जागी असते. त्यामुळे फोन घरी ठेवून निघायची माझी हिंमत व्हायची नाही. आणि फोन न्यायचा तर ठेवायचा कुठे? बायकांच्या ट्रॅक पँटला खिसे असलेच तर नावापुरते. पावणेदोनशे ग्रॅमचा फोन कमरेच्या पाऊचमध्ये घालून पळायचं म्हणजे प्रत्येक पावलाला तो हाडावर आपटतो. त्यातून वर पोचलं की हात आपोआप फोनकडे जायचा आणि सूर्य उगवत असताना मी ऑफिसच्या मेल वाचत उभी असायचे. ते मला नको होतं.

सिमशिवाय काय काय चालतं, हे दुकानात कोणी नीट सांगत नाही. धावण्याचं अंतर, वेग, नकाशा हे सगळं जीपीएसवाल्या घड्याळातही फोनशिवाय नोंदलं जातं. गाणी आधी उतरवून ठेवली तर तीही ऐकता येतात. इतकंच काय, फोनमध्ये वायफाय कॉलिंग आणि दुसऱ्या उपकरणांवर कॉल घेण्याची सोय चालू केली असेल, तर ओळखीच्या वायफायच्या टप्प्यात सिम नसलेल्या घड्याळावरूनही बोलता येतं. फोन बेडरूममध्ये आणि तुम्ही गच्चीवर, एवढ्यासाठी सिम लागत नाही. सिम लागतं ते फोन आणि वायफाय दोन्ही मागे राहतात तेव्हाच. घड्याळ आधी ब्लूटूथवरून फोन शोधतं, मग वायफाय, आणि दोन्ही नसतील तरच स्वतःचं नेटवर्क लावतं. त्यामुळे ज्याचा फोन दिवसभर खिशातच असतो, त्याच्या घड्याळातलं सिम महिनोन्‌महिने झोपूनच राहतं आणि बिल मात्र येत राहतं.

आता पैसे. माझी मोबाइल कंपनी घड्याळासाठी महिन्याला ९९ रुपये घेते, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११६ रुपये ८२ पैसे. हे दिसणारे पैसे. न दिसणारे असे, की त्यांची ही सोय फक्त पोस्टपेडवर मिळते. मी आधी प्रीपेडवर होते. नंबर बदलला नाही, पण महिन्याचा खर्च साधारण दीडशेने वाढला. घड्याळाचे जास्तीचे पाच हजार, चौदा महिन्यांचे सोळाशे पस्तीस आणि पोस्टपेडमुळे वाढलेले एकवीसशे, अशी बेरीज ८,७३५ होते. भागाकार केला तर महिन्याला सव्वासहाशे. घेणाऱ्याने ११७ चा आकडा डोक्यात ठेवू नये, हा धरावा. काही कंपन्या ठरावीक प्लॅनमध्ये घड्याळाचे वेगळे पैसे लावत नाहीत, त्यामुळे आधी स्वतःच्या कंपनीला विचारा.

सुरू करायला मला नऊ दिवस लागले. घड्याळात खरं सिमकार्ड नसतं, ई-सिम असतं, म्हणजे आतच बसवलेलं सिम. फोनमधल्या वॉच अ‍ॅपमधून कंपनीच्या पानावर जायचं, ओटीपी टाकायचा, की झालं, असं कागदावर आहे. माझ्याकडे ओटीपीनंतर पान पांढरं पडायचं. स्टोअरमध्ये दोन चकरा मारल्या. तिथल्या मुलाला वाटलं मला फोनचंच ई-सिम करायचंय, आणि तो माझं चालू सिम बंद करायला निघाला होता. मी हात धरून थांबवला. शेवटी कस्टमर केअरमधल्या एका बाईंना नेमका प्रकार कळला. पोस्टपेडला जाताना घड्याळाची सेवा नंबरला जोडायचीच राहिली होती. त्यांनी दहा मिनिटांत काम केलं. पुढे कंपनी बदलली तर हे सगळं नव्याने करावं लागेल, हेही लक्षात ठेवायचं.

आणि आता ती सकाळ, जिच्यामुळे मी हे पैसे भरतच राहणार आहे. फेब्रुवारी २०२५. सहा पंचवीसची वेळ, मी देवळाकडून उतरत होते, थंडीने बोटं आखडलेली. मनगट थरथरलं. पाहिलं तर 'आई'. आई कधीच त्या वेळी फोन करत नाही. घड्याळ तोंडाजवळ धरलं. वारा होता, तिचा आवाज तुटक येत होता, पण शब्द कळत होते. "अगं, हातपाय कापतायत. घाम फुटलाय नुसता." मी म्हटलं, "आई, आधी बस. ओट्यावर साखरेचा डबा आहे ना? तीन चमचे पाण्यात घाल आणि पिऊन टाक. फोन बंद करू नकोस, बाजूला ठेव." मला चमच्याचा आवाज ऐकू येत होता, पेल्याच्या काठावर टणटण आपटत होता, कारण तिचा हातच स्थिर नव्हता. मी पळत उतरत होते आणि ती गिळतेय का ते ऐकत होते. मग तिला म्हटलं, नातवाला जोरात हाक मार. तो उठला, त्याने मशीनवर साखर बघितली, ५८. अकरा मिनिटं तो कॉल चालू होता. मी घरी पोचून पुन्हा पाहिली तेव्हा ९६ झाली होती. डॉक्टरांनी त्याच दिवशी रात्रीचा इन्सुलिनचा डोस कमी केला.

कोणी म्हणेल, हेच काम फोननेही केलं असतं. केलं असतंच. पण त्या आधीच्या हिवाळ्यात मी फोन घरी ठेवता येत नाही म्हणून आठवड्यातून चार दिवस टेकडीलाच बुट्टी मारत होते. घड्याळ आल्यापासून आजारपण सोडलं तर खाडा नाही. माझ्या हिशेबात ही गोष्ट त्या कॉलइतकीच मोठी आहे.

पहाटे टेकडीवर एकट्या जाणाऱ्या बायकांसाठी आणखी एक. फोन घरी असला आणि घड्याळ नेटवर्कवर असलं, की घरच्यांना दिसणारं माझं ठिकाण घड्याळाचं असतं. नवऱ्याला बसमधून दिसतं मी कुठे आहे. बाजूचं बटण दाबून धरलं की आपत्कालीन कॉल लागतो, आपल्याकडे ११२ ला. पडल्याचं ओळखण्याची सोय पंचावन्नच्या आतल्यांनी स्वतः जाऊन चालू करावी लागते. मी केली आहे.

बॅटरीचं मात्र सांभाळावं लागतं. अ‍ॅपल स्वतः अठरा तास सांगते, आणि नेटवर्कवर चालताना कोणतंही घड्याळ भराभर उतरतं. माझ्या टेकडीच्या तासाला, जीपीएस आणि नेटवर्क दोन्ही चालू असताना, वीस-बावीस टक्के जातात. फोन बरोबर असेल तेव्हा दहाच्या आसपास. खाणीच्या बाजूला रेंज पडते, तिथे घड्याळ सिग्नल शोधत बसतं आणि आणखी खातं. ती पाच-सात मिनिटं मी कोणालाच सापडत नाही, आणि हे आईलाही सांगून ठेवलंय. मी आल्यावर आंघोळ आणि चहा होईपर्यंत घड्याळ चार्जिंगला लावते, मग रात्रीपर्यंत पुरतं.

फोनशिवाय काय अडतं? यूपीआय. उतारावर कोथिंबीर घेऊन बसणाऱ्या मावशींकडेही क्यूआर कोड आहे, पण घड्याळाने पैसे देता येत नाहीत. किल्लीच्या छोट्या पाकिटात शंभराची एक नोट घडी करून ठेवते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला कॉल घड्याळावर घेता येत नाही, म्हणून घरच्यांना आणि शेजारच्या काकूंना बजावून ठेवलंय की सकाळी साधाच फोन करा. आणि साधा एसएमएस घड्याळावर यायचा तर घरी ठेवलेला फोन चालू आणि नेटवर्कमध्ये लागतो. एकदा तो घरी बंद पडला होता. कॉल आले, मेसेज एकही नाही. तेव्हापासून निघताना फोन चार्जरला लावूनच निघते. पोहण्याच्या तलावावर माझी अपेक्षा जास्त होती, पण पाण्याखाली रेडिओ लहरी पोचत नाहीत. कठड्याला धरून थांबलं तरच कॉल कळतो.

नवऱ्यासाठी मागच्या वर्षी घड्याळ घेतलं ते जीपीएसवालं. त्याचा फोन कधी हातावेगळा होत नाही, त्याला सिम देऊन उपयोग नव्हता. मैत्रीण सॅमसंगचं सिमवालं घड्याळ, गॅलेक्सी वॉच एलटीई, वापरते, तिचंही म्हणणं तेच: फोन घरी राहतो त्या दिवशीच पैसे वसूल.

घ्यायचं की नाही यात अडकला असाल तर मी केलं होतं ते करून बघा. खरेदीच्या आधी पंधरा दिवस, नवऱ्याची जनरल शिफ्ट होती आणि तो सकाळी घरी असायचा तेव्हा, मी फोन पाऊचमध्ये एअरप्लेन मोडवर ठेवून टेकडीवर जायचे. खाली आल्यावर चालू करायचे आणि मिस्ड कॉलचे मेसेज बघून किराणाच्या वहीत खूण करायचे. मैत्रिणीच्या बहिणीने हेच केलं, तिची पाटी कोरी राहिली आणि तिने पाच हजार वाचवले. माझ्या वहीत पंधरा दिवसांत चार खुणा होत्या. त्यातल्या तीन आईच्या.