ड्रॉन्टल प्लस: गोळी चांगलीच आहे, पण वजन करून द्या आणि पिसवांचंही बघा

आमच्याकडे एक लॅब (लॅब्रॅडॉर) आणि एक गावठी अशी दोन कुत्री आहेत, घर कोकणात, अंगण मातीचं, त्यामुळे जंतांचा विषय कायमचाच. दोघांना बरीच वर्षं ड्रॉन्टल प्लस देतेय आणि मला ती आवडते. एका गोळीत तीन औषधं आहेत, प्राझिक्वांटेल 50 मिग्रॅ, पायरँटेल एम्बोनेट 144 आणि फेबँटेल 150, म्हणजे गोल जंत, हुकवर्म (आकड्यासारख्या तोंडाचे), व्हिपवर्म (चाबकासारखे) आणि टेपवर्म (पट्टीसारखे चपटे) असे आतड्यातले जंत सगळेच कव्हर होतात. आधी ही बायरची होती, 2020 मध्ये बायरचा जनावरांच्या औषधांचा धंदा इलँकोने घेतला, तेव्हा पॅकवर नाव वेगळं दिसलं तर घाबरू नका.

महाग वाटते, मान्य. म्हणून बरेच जण माणसांची अल्बेंडाझोल देऊन मोकळे होतात, ते प्लीज नका करू, कुत्र्यांत त्याने रक्तपेशी कमी होऊ शकतात आणि पिसवांमधून येणाऱ्या टेपवर्मवर त्याचा भरवसाही नाही. हा टेपवर्म ओळखायला सोपा, शेपटीखालच्या केसांना भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे चिकटलेले असतात, ताजे असले तर चक्क वळवळतात, वाळले की पिवळट कडक होतात. कुत्रं ढुंगण घासत चालायला लागलं की शेपटी उचलून बघाच एकदा.

डोस 10 किलोला एक गोळी. अंदाजाने नाही! दुकानात "लॅब आहे ना, दोन द्या" असं सांगतात, पण लॅब 24 किलोचा पण असतो आणि 38 चा पण, डोस कमी पडला तर जंत राहतात. आधी काट्यावर आपण एकटं उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून, आणि वजाबाकी, झालं. उपाशी ठेवायची गरज नाही, मी तूप लावलेल्या चपातीत गुंडाळून देते, लॅब न चावताच गिळतो, गावठी मात्र चपाती खाऊन गोळी बाहेर ठेवते म्हणून तिला उकडलेल्या अंड्याच्या बलकात. क्वचित एखादी उलटी किंवा पातळ शी होते, आमच्याकडे अजून काही झालं नाही. आणि टेपवर्म कुत्र्याच्या शीमध्ये अख्खा दिसला नाही म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नसतं, प्राझिक्वांटेलने तो आतच विरघळून पचून जातो.

आता महत्त्वाचं. गोळी आत्ता पोटात असलेले जंत मारते, पुढे अंगात राहून राखण करत नाही. कुत्रं अंग चावताना पिसू गिळतं, तिच्यात टेपवर्मची अळी असते, आणि तीनेक आठवड्यांत परत तेच पांढरे तुकडे, मग लोक म्हणतात औषध बोगस. पिसवांचं औषध सोबत केलं, अंथरूण गरम पाण्यात धुतलं, तरच उपयोग. तसंच शी रोजच्या रोज उचला, गोल जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि पावसाळ्यात ओल्या मातीतून हुकवर्मच्या अळ्या अनवाणी पोरांच्या पायात सुद्धा शिरतात, कातडीखाली लाल नागमोडी रेघ उठते आणि भयंकर खाज.

मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. पिल्लांना आईकडूनच जंत येतात, गर्भात आणि दुधातून, म्हणून दोन आठवड्यांपासून सुरू करायचं, तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पण त्यांच्यासाठी पातळ औषध वेगळं मिळतं ते घ्या. गाभण कुत्रीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नको, पायपरेझीनवालं (हेही जंतांचंच) औषध सोबत नको. आणि जंतांसाठी लसूण तर अजिबात नको, हुकवर्म आधीच रक्त पितात आणि लसणाने तांबड्या पेशी अजून फुटतात.

हार्टवर्मवर, म्हणजे हृदयात होणाऱ्या जंतांवर, ही चालत नाही, त्यासाठी डॉक्टरांकडून वेगळं औषध घ्यावं लागतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीसाठी कापला.