तपकीर गल्लीतली रेडिओदुरुस्ती: अण्णांचा फिलिप्स पुन्हा लागला

अण्णांचा जुना फिलिप्स रेडिओ टेबलावर ठेवल्या ठेवल्या दुरुस्तीवाल्या काकांनी पहिलं विचारलं, "ताई, प्लग लावून नाही ना बघितला?"

मी नव्हता बघितला. पण त्याआधी महिनाभर हा रेडिओ शहरातल्या दुसऱ्या एका दुकानात पडून होता, आणि तिथे माझ्यादेखत त्यांनी तो सरळ २३० व्होल्टवर लावला होता. आधी नुसती घरघर, मग जळका वास. शिवाय डायलची काच चकाचक करतो म्हणून ती स्पिरिटने पुसली. या जुन्या डायलवरची अक्षरं काचेच्या मागच्या अंगाला छापलेली असतात आणि स्पिरिट लागलं की सुटतात. खालचा उजवा कोपरा, शॉर्टवेव्हचे २५ आणि ३१ मीटर, कोरा झाला. वर सल्ला, "बाई, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट टाकू." मी रेडिओ उचलला आणि रिक्षा केली.

पाच व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, हा सेट १९६१ साली नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत आला. तेव्हा रेडिओसाठी पोस्टातून लायसन्स काढावं लागे, ते पुस्तक मी अजून जपलंय. बुधवारी रात्री ८ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली की वाड्यातली पोरं आमच्या उंबऱ्याशी येऊन बसायची. २५ मीटरवर खरखर वाढली की अण्णा ४१ वर जायचे. म्हणूनच तो २५ चा आकडा पुसला गेला ते मनाला फार लागलं.

काकांचं दुकान बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत. एलईडी माळा आणि चार्जरच्या दुकानांमधून एक अरुंद जिना वर जातो. पाटी नाही. वय पंचाहत्तरीच्या घरात, टेबलावर मीटर, हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारा सिग्नल जनरेटर आणि एक लाकडी फळी. फळीवर होल्डरमध्ये ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब. रेडिओचा करंट आधी या सिरीज बल्बातून जातो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. पण त्या दिवशी त्यांनी बल्बालाही हात लावला नाही. "आधी कंडेन्सर, मग वीज," एवढंच म्हणाले.

सेट उघडून त्यांनी एक मेण ओघळलेला कागदी कंडेन्सर सोडवला, बोटाच्या पेराएवढा. त्याच्या एका टोकाला २०० व्होल्ट डी.सी. दिले आणि दुसऱ्या टोकाला मीटर लावला. काटा शून्यावर राहायला हवा होता. तो ३१ वर गेला. मग त्यांनी मला ड्रॉइंगवर बोट ठेवून समजावलं: हा कंडेन्सर आवाज शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत, म्हणजे त्याचा करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीपर्यंत, नेतो आणि मागचा डी.सी. अडवतो. तो गळायला लागला की ग्रिड पॉझिटिव्ह होतं, व्हॉल्व्ह वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो, तापतो, आणि शेवटी आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तसा ट्रान्सफॉर्मर आज मिळवणं अवघड. आधीच्या दुकानातला जळका वास कशाचा होता ते मला तेव्हा कळलं. नशिबाने ट्रान्सफॉर्मर शाबूत होता.

मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अण्णांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं, "ईसीएल ८२ बदलला, मार्च ६८". काकांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. आता पुन्हा तोच व्हॉल्व्ह थकला होता. काम झाल्यावर त्याच ओळीखाली त्यांनी नवी तारीख टाकली.

कागदी कंडेन्सर सगळे बदलले. जुन्यांच्या नळकांड्या पोकळ करून त्यात नवे ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर बसवले, त्यामुळे खालून बघितलं तरी सेट जुनाच दिसतो. घरघर गाळणाऱ्या फिल्टर कंडेन्सरचा ॲल्युमिनियमचा डबा जागेवर ठेवून नवे ४७ मायक्रोफॅरडचे दोन चासीखाली झाळले. घरघर घालवायची तर मोठेच टाका ना, असं मी म्हटलं. ते म्हणाले, ईझेड ८० या रेक्टिफायरला, म्हणजे ए.सी.चा डी.सी. करणाऱ्या व्हॉल्व्हला, पहिला कंडेन्सर ५० च्या वर झेपत नाही. स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणाऱ्या मॅजिक आयच्या हिरव्या पट्ट्या मंद झाल्यात, पण तो व्हॉल्व्ह बदलायला त्यांनीच नको म्हटलं. "रात्री दिसतो ना? मग कशाला पैसे घालवता?"

कोऱ्या कोपऱ्याचं काम मला सगळ्यात आवडलं. अंदाजाने आकडे रंगवायला त्यांनी साफ नकार दिला. आधी पूर्ण अलाइनमेंट केली, म्हणजे डायलचा काटा आणि फ्रिक्वेन्सी जुळवून घेतली, मग जनरेटर १२ मेगाहर्ट्झवर ठेवला, कारण ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात, आणि ३०० भागिले १२ म्हणजे बरोबर २५ मीटर. काटा जिथे थांबला तिथे काचेच्या मागून बारीक ब्रशने क्रीम रंगाचा ठिपका दिला आणि शेजारी २५ लिहिलं, काचेमागून लिहायचं म्हणून उलटं. ३१ चंही तसंच. हे आकडे छापील आकड्यांपेक्षा किंचित जाड आहेत, मला ते तसेच हवेत.

घरी, सिंहगड रोडला, पहिल्यांदा आकाशवाणी पुणे लावलं. ७९२ किलोहर्ट्झ, म्हणजे डायलवर ३७९ मीटरच्या आसपास, काटा तिथेच बसला. शॉर्टवेव्हसाठी जुनी तांब्याच्या जाळीची एरियल खिडकीपासून दारापर्यंत ताणली आणि घरातले एलईडी दिवे, चार्जर, वायफाय सगळं बंद केलं. हे बंद केल्याशिवाय शॉर्टवेव्हवर नुसती करकर येते, त्यात रेडिओचा दोष नाही. स्टेशनं पूर्वीसारखी नाहीत, बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हही जानेवारी २०२० मध्ये बंद झालं. पण १० मेगाहर्ट्झवर रात्री चीनच्या वेळ-केंद्राचे सेकंदाचे ठोके लागतात. डायल खरा आहे का ते तपासायची ही काकांनी सांगितलेली खूण. पहिल्या रात्री मी ते टिक टिक ऐकत बराच वेळ बसले होते.

आता तक्रारी. जूनमध्ये दिलेला सेट दिवाळीच्या आठवड्यात मिळाला. काका फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं, मी सहा खेपा घातल्या. लाकडी पेटीचं पॉलिश ते करत नाहीत, ते मी वेगळं करून घेतलं. एकूण ७,८०० रुपये झाले, सुट्या भागांचा हिशोब वहीच्या कागदावर लिहून दिला आणि काढलेले सगळे जुने कंडेन्सर पिशवीत घालून परत दिले.

जायचं तर संध्याकाळी ५ नंतर जा, सकाळी ते नसतात. रिक्षात सेट मांडीवर घ्या, डिकीत नको. मागचा पुठ्ठा घरी ठेवू नका, सोबत न्या. आणि नेण्याआधी प्लग लावून बघू नका.