सेक्स टॉय घेताना : सिलिकॉन, टीपीई की काच? वाँड की बुलेट?

दुकानदार आधी थरथरण्याचे मोड (प्रकार) मोजून दाखवतो. वीस मोड असले तरी वापरात दोन-तीनच राहतात. शरीराच्या आत जाणारी वस्तू कशाची बनली आहे, हे त्याहून कितीतरी महत्त्वाचं.

हा प्रश्न जुनाच आहे. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत सापडलेलं, सुमारे 28,000 वर्षांपूर्वीचं घोटीव लिंग दगडाचं आहे. कामसूत्रात सोनं, चांदी, तांबं, हस्तिदंत, शिंग यांच्या साधनांचा उल्लेख येतो. पुढे रबर आलं. ते धुऊन नीट स्वच्छ होत नसे, उष्णतेत खराब होई. अपघातात कमरेखालचा भाग लुळा पडलेल्या गॉस्नेल डंकन यांनी 1970च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सिलिकॉनचे डिल्डो (लिंगाच्या आकाराची साधनं) बनवले, मुख्यतः अपंग लोकांसाठी. आज चांगल्या दुकानांत सिलिकॉन सर्रास मिळतं, त्यामागे त्यांचं काम आहे. (व्हायब्रेटर म्हणजे डॉक्टरांचं स्त्रियांच्या 'हिस्टेरिया'वरचं यंत्र, ही लोकप्रिय गोष्ट मात्र पुराव्याला टिकत नाही. ब्रिटिश डॉक्टर ग्रॅनव्हिल यांनी 1880च्या दशकात ते स्नायूंच्या दुखण्यासाठी बनवलं होतं.)

सिलिकॉनला छिद्रं नसतात. मोटर नसेल तर ते पाण्यात 3 ते 5 मिनिटं उकळता येतं. मोटर असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबण. ल्युब (वंगण) वॉटर-बेस्डच घ्या, सिलिकॉन ल्युबने पृष्ठभाग चिकट होऊ शकतो. टीपीई हे रबरासारखं प्लास्टिक स्वस्त आणि मऊ, पण सच्छिद्र. कितीही धुतलं तरी आत जंतू राहतात, म्हणून त्यावर दर वेळी नवा काँडोम चढवा आणि वस्तू चिकट किंवा डागाळलेली दिसली की टाकून द्या. 'जेली' नावाने विकलं जाणारं, उग्र वासाचं, तेलकट लागणारं पीव्हीसी घेऊच नका. त्यात मऊपणासाठी थॅलेट्स ही आरोग्याला घातक ठरू शकणारी रसायनं असू शकतात. बोरोसिलिकेट काच आणि स्टील यांना कुठलंही ल्युब चालतं, स्वच्छतेत दोन्ही सरस. काचेवरून मात्र दर वेळी बोट फिरवून बघा. कपचा उडाला असेल तर ती वस्तू बाद.

पहिल्या खरेदीसाठी आमचा कौल छोट्या, चार्जेबल सिलिकॉन बुलेटला, म्हणजे बोटाएवढ्या व्हायब्रेटरला. खिशाला परवडते, आवाज कमी. उणीव एकच : छोटी मोटर वेगाने पण उथळ थरथरते, त्यामुळे त्वचा काही वेळ बधिर होऊ शकते. वाँडची, म्हणजे लांब दांड्याच्या, मोठ्या डोक्याच्या व्हायब्रेटरची थरथर खोलवर जाते. संधिवाताने बोटं आखडलेल्यांना त्याचा लांब दांडा धरायलाही सोपा. पण ते जड असतं आणि भिंतीपलीकडे ऐकू जातं. एकत्र कुटुंबात हा मुद्दा लहान नाही. पाण्यात वापरायचं असेल तर आयपीएक्स7 (IPX7) हा पाणीरोधक दर्जा लिहिलाय का बघा : म्हणजे वस्तू 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं तग धरते. गुदद्वारासाठी रुंद तळ असलेलीच वस्तू, नाहीतर ती आत ओढली जाऊ शकते आणि काढायला रुग्णालय गाठावं लागतं.

परदेशातून मागवताना कस्टम्सची धास्ती असते. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये 'बॉडी मसाजर' सेक्स टॉय म्हणून अश्लील ठरवून अडवण्याचं कस्टम्सचं म्हणणं फेटाळलं आहे. अमेरिकेतून वायरवालं वाँड आणलंत, तर ते 120 व्होल्टचं असतं. नुसता पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर लावून 230 व्होल्टला जोडलं की मोटर जळते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, किंवा सरळ चार्जेबल मॉडेल घ्या.